नायगावची उसनी रेकॉर्ड

एप्रिलमध्ये लातूर-नांदेडला कुणी फिरायला जातं का, असं परत आल्यावर मला शेजारच्या तिघींनी विचारलं. मी फिरायला गेलेच नव्हते. एक वस्तू परत द्यायला गेले होते, आणि वाटेत जे दिसलं ते दिसलं.

माझे पती श्रीकांत जुन्या रेकॉर्ड जमवायचे. सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्यातली एक खोली रेकॉर्डचीच. बाराशेच्या वर असतील. तीस वर्षं मी त्या पुसल्या, पण त्यातलं गाणं मला फारसं कळलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात औषधं द्यायची. घरी आल्यावर मला शांतता हवी असायची. मागच्या दिवाळीनंतर श्रीकांत गेले. त्यांच्या कपाटात एक वही सापडली. कुणाकडून कोणती रेकॉर्ड ऐकायला आणली त्याची यादी होती. अकरा नावं होती. दहा जणांना फोन करून, पुठ्ठ्यात बांधून, कुरियरनं मी त्यांच्या रेकॉर्ड परत केल्या. अकराव्या नावापुढे फोन नंबर नव्हता, एवढंच लिहिलं होतं: ‘मारोतराव, नायगाव. लाखेची. एकच प्रत. कुरियरने पाठवू नये.’ खाली दोन रेघा मारल्या होत्या; लाखेची रेकॉर्ड काचेसारखी फुटते.

श्रीकांतच्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, जुन्या रेकॉर्डवाल्यांचा. त्यांची बैठक रविवारी नांदेडला होती. नायगाव तिथून तासा-दीड तासावर. दोन्ही एकत्र उरकावं म्हणून निघाले. उरकणं हा शब्द त्या सहा महिन्यांत माझ्या तोंडात बसला होता. बँक उरकली, पेन्शन उरकली, गॅसचं नाव उरकलं.

शनिवार, लातूर

लातूरला मी जाधव सरांकडे उतरले. शिकवणी वर्गांत भौतिकशास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर मुलामुलींच्या खोल्यांच्या पाट्या, आणि सकाळी सातला रस्ताभर पाठीवर दप्तरं. एकही मूल हसताना दिसलं नाही. माझ्यासारखीच दमलेली वाटली.

जाधव वहिनींनी सुशीला केला होता. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे चुरमुरे म्हणजे भडंग, कोरडे आणि कुरकुरीत. इथे ते ओले करून खातात. पहिला घास घेताना कुणीतरी भडंगावर पाणी सांडलंय असं वाटलं. तिसऱ्या घासाला मी आणखी मागून घेतला.

खाऊन होतं न होतं तोच सरांनी नवी खरेदी काढली. उदगीरच्या एका मंडपवाल्यानं धंदा बंद केला, त्याच्याकडच्या चाळीस रेकॉर्ड. त्यातल्या निम्म्या कानडी नाटकांतल्या.

“तुम्हाला कानडी येतं?” मी विचारलं.

“एक अक्षर न्हाई,” सर म्हणाले. “शेजारी निलंग्याकडच्या बाई राहतात, त्या अर्थ सांगतात. पण त्या अर्थ सांगितल्यावर गाणं जरा कमी आवडायला लागतं.”

हे मला पटलं. त्यांनी एक लावली. बाईचा आवाज होता, तक्रार करत असल्यासारखा. सर डोळे मिटून मान हलवत होते, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, “अहो, पाणी आलं!”

सर उठले ते पळतच. कितव्या दिवशी आलं होतं कोण जाणे. गल्लीभर माणसं पाइप आणि ड्रम घेऊन धावत होती. ती बाई खोलीत एकटीच गात राहिली. गाणं संपून सुई नुसती घासायला लागली तेव्हा मी उठून ती उचलली. तेवढं मला येतं. मग पदर खोचून मीही बादल्या उचलल्या. आमच्या सांगलीत पाणी न बोलावता घरात शिरतं. पुराच्या दोन वर्षांत मी श्रीकांतच्या रेकॉर्ड गुडघाभर पाण्यातून माळ्यावर चढवल्या आहेत. त्या शहरातून मी इथे येऊन पाण्याच्या धारेकडे टक लावून बसले होते.

ड्रम भरल्यावर घाम पुसत सर म्हणाले, “नायगावची सोबत आणलीय न वहिनी? उद्या लावायची सगळ्यांसमोर. श्रीकांत लई सांगायचा तिच्याबद्दल.”

मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

रविवार, नांदेड

बैठक खलीलभाईंकडे होती. रेल्वेतून निवृत्त झालेले, स्टेशनामागे छोटं घर. मी गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात पिशवी टाकली आणि जाधव सरांबरोबर रिक्षानं गेले. ऊन असं होतं की रिक्षाच्या लोखंडी दांडीला हात लावता येत नव्हता. मांडीवर ती रेकॉर्ड, टॉवेलात गुंडाळून, वर पुठ्ठा.

आठ-दहा जण जमले होते. त्यांचा नेम असा की आधी प्रत्येकानं नवी खरेदी दाखवायची, मग आवडतं एकेक लावायचं. खलीलभाईंनी हैदराबादहून आणलेलं कव्वालीचं पाकीट दाखवलं. कव्हर अगदी कोरं. आतून निघाली इंग्रजी शिकवायची रेकॉर्ड.

“मैं बोला, चलो, अब ये भी सीख लेंगे,” ते म्हणाले, आणि खरंच ती लावली. एक साहेब खणखणीत आवाजात विचारत होता की ही छत्री कुणाची आहे. सगळे हसले. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून जरा अवघडल्यासारखं झालं.

देगलूरचे एक डॉक्टर होते. त्यांनी परदेशातून मागवलेली नवी कोरी रेकॉर्ड हातमोजे घालून बाहेर काढली आणि तिचं वजन किती, छपाई कुठली, हे सांगत राहिले. लावली मात्र नाही. त्यांच्या शेजारी प्रज्ञा वाघमारे, किनवटच्या तहसील कचेरीत कारकून, माहेर इस्लापूर. ती रेकॉर्ड जमवत नाही, कॅसेट जमवते; भीमगीतांच्या. बंद पडलेल्या दुकानातून आणलेलं पोतं तिनं सतरंजीवर ओतलं. बऱ्याच कॅसेटींना बुरशी होती. बोलता बोलता ती एकेकीत पेन्सिल घालून फीत घट्ट करत होती.

“याच्यातल्या किती वाजतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“दहातल्या चार,” ती म्हणाली. “पण ह्या कुठंच छापून न्हाईत आल्या, डॉक्टर. गावातल्या गायन पार्ट्यांनी भरलेल्या हायत. गेल्या की गेल्या.”

मग माझी पाळी आली. माझी नवी खरेदी नव्हती, उसनी वस्तू होती. मी टॉवेल सोडला. काळी, जड, कडेला जरा झिजलेली. लेबलावर एका गायन पार्टीचं नाव आणि नायगाव. खलीलभाईंनी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि खिडकीपाशी नेऊन बघितली. त्यांचं यंत्र लॅपटॉपला जोडलेलं असतं. जे वाजतं ते भरलं जातं.

सुई टेकली. आधी नुसती खरखर. मग ढोलकी, पेटी, आणि एकदम पाच-सहा पुरुषांचे आवाज. एक जण ओळ सांगायचा, बाकीचे ती उचलायचे. गावातल्या विहिरीचं पाणी सगळ्यांना मोकळं झालं, त्या दिवसाचं गाणं होतं. तालमीत मुरलेले आवाज नव्हते ते. दिवसभर काम करून आलेल्या माणसांचे होते, आणि तरी त्यात ओसंडणारी खुशी होती. मला गाण्यातलं कळत नाही. दमलेला आवाज मात्र कळतो. दवाखान्याच्या खिडकीत आयुष्यभर तेच ऐकलं. हे लोक दमले होते आणि खूश होते. दोन्ही एकदम असू शकतं, हे मी विसरले होते.

गाणं संपलं. प्रज्ञाची पेन्सिल हातात तशीच होती. “पुन्हा लावा,” ती म्हणाली.

“आधी दुसरी बाजू,” म्हणत खलीलभाईंनी रेकॉर्ड उलटली, आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. खोलीत उकाडा भरायला लागला, आणि त्यातच वाद सुरू झाला.

सुरुवात डॉक्टरांनी केली. “वहिनी, ही परत देऊ नका. त्यांच्याकडं यंत्र नसणार. कपाटावर टाकतील, पोरं फोडतील. त्यांना आवाज भरून द्या. मूळ रेकॉर्ड जपणाऱ्याकडं राहू द्या.”

“म्हणजे तुमच्याकडं?” प्रज्ञानं विचारलं.

“कुणाकडंही. वस्तू टिकली पाहिजे.”

“वस्तू त्यांची हाय. त्यांच्या घरात फुटली तरी त्यांचीच फुटंल.”

जाधव सर मधलं काहीतरी बोलत होते. डॉक्टर आणि प्रज्ञा दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते, जणू मीच न्यायाधीश. माझं डोकं ठणकत होतं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी रेकॉर्ड उचलली आणि टॉवेलात गुंडाळायला लागले.

“ठहरो ना ताई,” खलीलभाई म्हणाले. “लाइट आत्ता येते. दुसरी बाजू पण भरून घेऊ. तहारी तयार आहे, जेवून जा.”

“नको,” मी म्हणाले. “मी फार दमलेय. उद्या लवकरची बस आहे.”

त्यांनी भरलेली एक बाजू माझ्या फोनवर पाठवली, तहारीचा डबा हातात दिला आणि रिक्षापर्यंत सोडायला आले. यात्री निवासातल्या खाटेवर बसून मी तो मसाल्याचा भात थंडच खाल्ला. बाहेरून कीर्तनाचा आवाज येत होता. संध्याकाळ व्हायच्या आतच मला झोप लागली.

सोमवार, नायगाव

देगलूर गाडीत मला खिडकी मिळाली. रेकॉर्ड मांडीवर, वर दोन्ही हात. दोन्ही बाजूंना कापणी झालेली काळी रानं, कुठेकुठे हळद वाळत घातलेली. झोप पुरी झाली होती तरी डोळे मिटत होते. ही झोप एका रात्रीची नव्हतीच.

“नायगाव, नायगाव!” कंडक्टर ओरडला तशी मी दचकून उठले. पिशवी घेतली, पाय पुढे टाकला, आणि पायाखाली कडकन आवाज झाला.

टॉवेल घसरून खाली गेला होता. दुसऱ्या कुणाचा पाय नव्हता तो. माझाच होता.

स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून मी टॉवेल उघडला. तीन तुकडे. गाडीतली माणसं पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन परत चढली, गाडी गेली, आणि मी तिथेच बसून. शेवटी जाधव सरांना फोन केला.

“किती तुकडे?” त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, “वहिनी, सांगू नका. श्रीकांतकडंच हरवली म्हणा. गेलेल्या माणसाला कोण बोल लावतंय? फोनवरलं गाणं त्यांना द्या, खूश होतील.”

वाईट सल्ला नव्हता. चहा होईपर्यंत मी तसंच करायचं ठरवलंही होतं.

मारोतराव एसटीत मेकॅनिक होते. आता सत्तरीच्या पुढे. घर शोधायला त्रास पडला नाही. दारात पांढऱ्या बनियनवर उभे होते.

“कोन पायजे?”

“नमस्कार. जय भीम. मी सांगलीहून आलेय. श्रीकांत, रेकॉर्डवाले, त्यांची बायको.”

“जय भीम.” ते माझ्या मागे बघत होते. “साहेब न्हाई आले?”

“ते गेले. दिवाळीनंतर.”

त्यांना हे ठाऊक नव्हतं. “बसा,” म्हणाले. बाज पुढे ओढली. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी तांब्याभर पाणी आणलं. मी पाणी प्यायले, आणि मग मारोतरावांना राहवलं नाही.

“वाईट वाटून घेऊ नका ताई, पण सहा वर्षं झाली. ‘कम्प्युटरमधी भरतो, महिन्याभरात आनून देतो,’ म्हनले व्हते. मी फोन लावला की, पुढल्या महिन्यात. मंग तब्येत बरी न्हाई. मंग फोनच उचलना झाले. मी हिला म्हनलं, खाऊन टाकली ह्या मानसानं बापाच्या पार्टीची रेकॉर्ड.”

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. श्रीकांत खोटं बोलणारे नव्हते. पण पुढे ढकलणारे होते. आवडत्या वस्तूच्या बाबतीत तर फारच. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागवायची सोय राहत नाही. त्या बाजेवर बसून मी रागावले. आणि त्याच क्षणी कळलं की मी आता खोटं बोलले, तर तेही त्यांच्याच नावावर जाईल.

“रेकॉर्ड आणलीय,” मी म्हणाले. “पण ती फुटली. आत्ता, बसमध्ये. मला झोप लागली आणि उतरताना माझाच पाय पडला.”

मारोतरावांनी टॉवेल स्वतः उघडला. तीन तुकडे जुळवून बघितले, जणू यंत्राचा भाग आहे आणि बसेल परत. मधलं लेबल अख्खं होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग उठले आणि बाहेर गेले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ दिसत होती मला. शांताबाईंनी पंखा माझ्याकडे वळवला.

ते आत आले तेव्हा मी म्हणाले, “काल नांदेडला एकदा वाजली होती. आवाज भरलाय.”

“लावा.”

मी फोन बाजेवर ठेवला. ढोलकी, पेटी, आणि ते सगळे आवाज. मारोतराव वाकून ऐकत होते. ओळ सांगणारा आवाज आला तसं मी विचारलं, “हे तुमचे वडील?”

“न्हाई, ह्यो चुलता. बाप मागं हाय.” त्यांनी बोट वर केलं आणि थांबले. “ह्यो. ह्यो बगा. सगळ्यायच्या मागून जरा उशिरा येतो ना, त्यो. बिडीनं दम लागायचा त्येला.”

मला सगळे आवाज सारखेच वाटले होते. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा मलाही तो ऐकू आला. अर्धा श्वास मागे. शांताबाई शेजारच्या एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आल्या. तिनं फोनला कान लावला आणि म्हणाली, “ढोलकी आमच्या घरातल्याची.” आणि पदर तोंडाला लावला.

“आता दुसरी बाजू लावा,” मारोतराव म्हणाले.

मी फोन उचलून मांडीवर घेतला.

“ही सगळ्यायची झाली. मागली बाजू बापाची हाय, एकट्याची. माय पोराच्या हातात पाटी देती, त्ये गानं.”

“ती नाही भरली,” मी म्हणाले. “लाइट गेली होती.” एवढ्यावर थांबता आलं असतं. “ते थांबा म्हणत होते. मी दमले होते. थांबले नाही.”

“दमल्या व्हत्या,” मारोतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, क्षमाही नव्हती. मी काय बोलले ते नीट ऐकलं का, एवढंच त्यांनी बघितलं असावं.

थोड्या वेळानं ते हळूच काहीतरी पुटपुटायला लागले. मागच्या बाजूचं गाणं. एक कडवं आलं, दुसऱ्याच्या मध्यात अडले. म्हातारीनं तिथून पुढची ओळ दिली. मग दोघंही अडले. शांताबाई आतून म्हणाल्या, “आधी जेवून घ्या. पोटात काई न्हाई, काय आठवनार?”

ज्वारीच्या भाकरी, भाजलेल्या धान्यांचा येसर घातलेली आमटी, कच्चा कांदा. आमच्याकडच्या आमटीपेक्षा दाट आणि काळपट. मी वाढलं तेवढं सगळं खाल्लं. तुकडे मारोतरावांनी त्याच टॉवेलात बांधून वडिलांच्या फोटोखाली ठेवले. टॉवेल परत देऊ का, म्हणाले. मी नको म्हटलं.

घरी

श्रीकांतच्या संगणकात कदाचित दोन्ही बाजू असतील, असं मी निघताना मारोतरावांना सांगितलं होतं. तीन दिवस शोधलं. ‘नायगाव’ नावाचं फोल्डर सापडलं. उघडलं तर रिकामं. नाव देऊन ठेवलं होतं, भरायचं राहिलं होतं. मी त्या खोलीत बराच वेळ बसले, आणि मग फोन लावला, कारण आणखी एक दिवस गेला असता तर मीही तो पुढे ढकलला असता.

“न्हाई सापडलं,” मी म्हणाले.

“बरं,” मारोतराव म्हणाले. मग म्हणाले, “आमी बसून आठवून राहिलो. चार कडवी व्हती. अडीच झाली. ती तुमची वाघमारे बाई परवा येऊन भरून घेऊन गेली कॅसेटवर.”

प्रज्ञाला मी फक्त पत्ता दिला होता.

“ती म्हनती, इस्लापूरला एक म्हातारा हाय. बापासंगं फिरलेला. त्येला समदं येतंय म्हनं. जायचं चाललंय आमचं. तुमी येता का?”

मी खोलीभर नजर फिरवली. बाराशे रेकॉर्ड, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. गुडघे सुजले होते. पुन्हा ती बस, ते ऊन. खरं तेच सांगितलं.

“आत्ता नाही जमायचं मारोतराव. फार थकलेय मी.”

पलीकडे कुणाशी तरी ते बोलले. शांताबाईंचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही.

“मंग थंडीत जाऊ,” मारोतराव म्हणाले. “म्हाताऱ्याला सांगून ठेवतो, तवर दम धर म्हनून.”